कर्माचे उचंत खाते

मोठ्या बँकेत नोकरी लागणे ही आपल्या मध्यम वर्गात अद्यापि भाग्याची गोष्ट समजली जाते. पगार नेमल्या दिवशी हाती पडतो, नावामागे एका मोठ्या संस्थेचे वजन उभे राहते, आणि लग्नाच्या बोलाचालीत मुलाच्या चरितार्थाविषयी फारसे काही विचारावे लागत नाही. वाङ्मयाच्या प्रांतात मात्र या नोकरीची कीर्ती निराळी आहे. टी. एस. एलियट हा कवी १९१७ पासून १९२५ पर्यंत लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीस होता. त्याला तेथून सोडवावे म्हणून एझ्रा पाउंडने १९२२ साली वर्गणी जमविण्याचा उद्योग आरंभिला होता. पी. जी. वुडहाउसने हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत दोन वर्षे कशीबशी काढली आणि १९०२ साली लेखणीच्या भरवशावर तिला रामराम ठोकला. आईबाप ही नोकरी पगारावरून जोखतात. साहित्यिक ती कंटाळ्यावरून जोखतात.

आम्हांस ही दोन्ही मापे अपुरी वाटतात. कंटाळा अध्यापकाच्या धंद्यातही पुष्कळ असतो, आणि वाटा तर दरोडेखोरांच्या टोळीतही मिळतो. कोणत्याही व्यवसायाचा नीतिदृष्ट्या विचार करावयाचा झाल्यास पहिला प्रश्न हा की, त्यात माणूस आपल्या हातांनी जे करतो ते त्याचे स्वतःचे कर्म राहते की नाही? मोठ्या बँकेविषयी हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. भारतीय स्टेट बँकेच्या २२,००० हून अधिक शाखा आहेत व तिच्या नोकरांची संख्या २ लाखांहून अधिक आहे. अशा संस्थेत एखादे कर्ज मंजूर होते अथवा नामंजूर होते, एखाद्याची ठेव स्वीकारली जाते अथवा भलत्याच योजनेत वळविली जाते, तेव्हा ते नेमके कोणी केले? दर वर्षी आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे पदवीधर बँकांच्या परीक्षांस मोठ्या संख्येने बसतात. त्या परीक्षांत अंकगणित असते, इंग्रजी असते, सामान्यज्ञान असते; हा प्रश्न तेवढा नसतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या कामाचे स्वरूप पाहू. बँकेचा सारा व्यवहार परक्यांचा परक्यांशी असतो. ठेवीदार कर्जदारास ओळखत नाही आणि दोघेही खिडकीपलीकडील कारकुनास ओळखत नाहीत. तरीही एकाची आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या हाती जाते व परत येते. हा विश्वास टिकावा म्हणून बँकेने आपल्या घरात अविश्वासाची पद्धतशीर मांडणी करून ठेविलेली असते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात. एकट्याने ती उघडतच नाही. नोंद एकाने करावयाची व ती तपासून मंजूर दुसऱ्याने करावयाची; या जोडीस बँकेत मेकर व चेकर म्हणतात. रोखपालाने संध्याकाळी गल्ला मोजून पुस्तकाशी ताळा जमवावयाचा. रक्कम कमी भरली तर त्याने पदरची घालावयाची, आणि जास्त भरली तरी ती खिशात घालण्याची सोय नाही, तिचाही जाब द्यावयाचा. मोठमोठ्या खतावण्या हाताने लिहिल्या जात त्या काळी एवढ्याशा फरकासाठी रात्र पडेपर्यंत शाखेत दिवे जळत असत, हे जुनी बँकर मंडळी अजून सांगतात. नाजूक जागांवरील नोकरांस पूर्वसूचना न देता वर्षातून एकदा किमान १० कामकाजाचे दिवस सलग रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यातील हेतू उघड आहे. जे पाप रोज झाकावे लागते, ते झाकणारा दहा दिवस दूर राहिला की उघडे पडते.

ही व्यवस्था नोकराचा अपमान करते असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. जेथे ती ढिली पडली तेथे काय झाले, हे १९९५ साली लंडनच्या बेअरिंग्ज बँकेने दाखवून दिले. १७६२ साली स्थापन झालेल्या या पेढीच्या सिंगापूर येथील कचेरीत निक लीसन हा तरुण सौदे करणारा होता, आणि त्या सौद्यांच्या हिशेबाचे कामही त्याच्याच देखरेखीखाली होते. दोन किल्ल्या एकाच हाती आल्या होत्या. त्याने तोटा एका आडवळणाच्या खात्यात दडवीत नेला. तो ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला, आणि सव्वादोनशे वर्षांची ती पेढी शेवटी एका पौंडाला विकली गेली. दुसरी किल्ली दुसऱ्याच्या हाती असती तर पेढी तर वाचलीच असती, पण तो तरुणही वाचला असता. माणसाने प्रत्येक क्षणी महात्मा असलेच पाहिजे अशी अट ज्या व्यवस्थेत नसते, ती व्यवस्था माणसावर दयाच करीत असते. मोठ्या बँकेतील रोजच्या कंटाळवाण्या तपासण्यांत ही दया भरलेली आहे.

बँकेच्या या निर्विकारपणाचा दुसराही एक गुण मान्य केला पाहिजे, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासावरून स्पष्ट दिसेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ले केले. ते लोण पुढे अनेक गावी पसरले. या दंग्यांत कुणब्यांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता, तर खतांवर व वह्यांवर होता. कर्जरोखे हिसकावून घेऊन त्यांनी ते जाळले. सरकारने चौकशी केली व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. सावकार कुळास ओळखत होता. त्याची जमीन, त्याची अडचण, त्याच्या घरातील लग्न, सर्व त्यास ठाऊक होते, आणि हीच ओळख फासासारखी वापरता येत होती. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा खेड्यांपर्यंत पोहोचू लागल्या, तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा हीच होती की, येथे कागद पाहिला जाईल, तोंड पाहिले जाणार नाही. ती सर्वत्र पुरी झाली असे नाही. तरी नियमापुढे सर्व सारखे, हा विचार सावकाराच्या ओटीवरील कृपेपेक्षा नीतीच्या दृष्टीने वरच्या पायरीवरचा आहे यात शंका नाही.

परंतु याच तुलनेतून आमचा मूळ प्रश्नही उभा राहतो. सुप्याच्या कुणब्यास आपल्यावर अन्याय कोणी केला हे ठाऊक होते. कोणत्या दारावर जावयाचे व कोणाची वही मागावयाची हे त्यास कोणी शिकवावे लागले नाही. आज ज्याचे कर्ज नाकारले गेले, अथवा ज्याच्या खात्यातून न सांगता रक्कम कापली गेली, तो शाखेत जातो तेव्हा त्याला काय ऐकावयास मिळते? कारकून म्हणतो, 'वरून आले आहे.' वरचा म्हणतो, 'नियम आहे.' नियम करणारा म्हणतो, 'आकडेवारीवरून ठरविले.' आणि अलीकडे तर या सर्वांहून सोयीचे एक उत्तर सापडले आहे: 'सिस्टीम घेत नाही.' पूर्वी ज्या जागी दैव होते त्या जागी आता सिस्टीम येऊन बसली आहे, आणि दैवाप्रमाणेच तिलाही जाब विचारता येत नाही. कर्ज मागणाऱ्याची पत ३०० ते ९०० या अंकांमध्ये मोजली जाते. तो अंक खाली आला की संगणक अर्ज बाजूला सारतो, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यास मनापासून वाटते की आपण काहीच केले नाही.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे, ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत असते. तार ओढणे, तोडणे, टोक काढणे, डोके बसविणे अशा सुमारे १८ क्रियांत काम वाटून दिले म्हणजे १० माणसे दिवसात ४८,००० टाचण्या करतात. एकेकट्याने सर्व क्रिया केल्या तर एकास दिवसाला २० टाचण्या करणेही कठीण. श्रमविभागाचा हा लाभ निर्विवाद आहे. पण ती टाचणी कोणास टोचली तर दोष टोक काढणाऱ्याचा की डोके बसविणाऱ्याचा, हा प्रश्न टाचणीच्या बाबतीत उद्भवत नाही, कारण टाचणी हे काही केलेले वचन नव्हे. बँकेत मात्र तयार होणारी वस्तू म्हणजे वचनच असते. ठेव हे वचन आहे, कर्ज हे वचन आहे, विम्याची पॉलिसी हे वचन आहे. ते १८ हातांनी मिळून दिले, तर मोडल्यावर कोणत्या हाताने मोडले म्हणावयाचे?

आमचा एक विद्यार्थी एका मोठ्या बँकेत अधिकारी आहे. त्याने सांगितलेली हकीकत येथे देतो, कारण तिच्यात हा सारा प्रश्न एकवटलेला आहे. एस. टी. मधून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ फंडाचे पैसे मुदत ठेवीत ठेवावयास त्याच्या शाखेत आले. तिमाही संपत आली होती आणि विमा विकण्याचा ठरवून दिलेला आकडा, ज्यास हल्ली सर्वत्र टार्गेट म्हणतात, तो शाखेने गाठला नव्हता. गृहस्थांस ठेवीहून 'चांगली' अशी एक योजना सुचविण्यात आली; ती विम्याची पॉलिसी होती. तिचा हप्ता पुढेही दर वर्षी भरावा लागतो, हे त्यांना दुसऱ्या वर्षी पत्र आले तेव्हा कळले. विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "सर, पॉलिसी विमा कंपनीची होती. टार्गेट वरच्या कचेरीचे होते. फॉर्म कंपनीच्या माणसाने भरला, मंजुरी दुसऱ्याच शहरातून आली. मी केले ते इतकेच की फॉर्मवर बोट ठेवले आणि म्हणालो, काका, इथे सही करा."

वाचकांनी या उत्तराकडे नीट लक्ष द्यावे. यातील एकही वाक्य खोटे नाही. टार्गेट ठरविणाऱ्याने त्या गृहस्थांचे तोंड कधी पाहिले नव्हते. पॉलिसी तयार करणाऱ्याने ती कायद्याप्रमाणेच तयार केली होती. मंजुरी देणाऱ्यापुढे कागद पूर्ण होते व त्यांवर ग्राहकाची सहीसुद्धा होती. प्रत्येकाने आपापला तुकडा नियमाप्रमाणे केला, आणि हे सर्व तुकडे जोडले असता एक निवृत्त माणूस फसला. फसवणूक तर घडली. फसविणारा मात्र सापडत नाही.

बँकेच्या हिशेबात यास एक चपखल नाव आहे. एखादी रक्कम आली अथवा गेली, पण ती कोणाच्या नावे मांडावी हे तूर्त कळत नाही, तर ती उचंत खात्यात टाकतात. इंग्रजी रूढीने त्यास सस्पेन्स खाते म्हणतात. असे खाते ठेवण्यात गैर काही नाही, कारण त्यावाचून दिवसाचा ताळा जमणार नाही. पण कोणताही तपासनीस शाखेत आल्यावर ते खाते उघडून पाहिल्याशिवाय राहत नाही. त्यात जुन्या रकमा पडून राहिल्या असतील, तर काही तरी दडविले जात आहे असा संशय तो घेतो, आणि तो बहुधा योग्यच असतो. आमचे म्हणणे असे की, मोठ्या संस्थेत काम करणारा माणूस आपली कर्मेही अशीच उचंत खात्यात टाकीत जातो. 'वरून आले', 'नियम आहे', 'सिस्टीम घेत नाही' ही त्या खात्याची निरनिराळी नावे होत. रोज एकेक लहान रक्कम तेथे जमा होते आणि ते खाते कधीच साफ केले जात नाही.

असे पुष्कळांनी मिळून बरीच वर्षे केले म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत सापडते. प्रत्येक ग्राहकाकडे बँकेची आठ तरी खाती अगर योजना असाव्यात, असे तेथे ध्येय ठरविलेले होते व त्यासाठी शाखांवर रोजचे आकडे लादले जात. ते गाठता येईनात तेव्हा नोकरांनी ग्राहकांस न विचारता त्यांच्या नावे खाती उघडावयास आरंभ केला. ८ सप्टेंबर २०१६ रोजी सरकारी अधिकाऱ्यांनी बँकेस १८ कोटी ५० लाख डॉलर दंड केल्याचे जाहीर झाले. तेव्हा अशा खात्यांची संख्या सुमारे २० लाख सांगण्यात आली होती. पुढल्या वर्षी, अधिक मागील काळ तपासल्यावर, ती सुमारे ३५ लाखांवर गेली. पाच वर्षांत या कारणासाठी सुमारे ५,३०० नोकरांस काढून टाकण्यात आले होते. इतकी माणसे काय एकाच बँकेत जन्मतः लबाड म्हणून भरती झाली होती? तसे मानणे हास्यास्पद आहे. ती तुमच्या-आमच्यासारखीच माणसे असली पाहिजेत. आपण फसवणूक करीत आहो असे त्यांतील बहुतेकांस वाटले नसावे. आपण आकडा भरीत आहो एवढेच वाटले असावे.

या ठिकाणी आपल्याकडील वाल्या कोळ्याची कथा आठवल्यावाचून राहत नाही. वाटसरूंस मारून वाल्या आपले कुटुंब पोशीत असे व प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकीत असे. नारदाने त्यास एवढेच विचारले की, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते या पापाचे वाटेकरी होतील काय? घरी जाऊन विचारता बायकोमुलांनी साफ नकार दिला. लूट वाटून घेता येते, पाप वाटून घेता येत नाही, हे वाल्यास कळले आणि त्याचे आयुष्य पालटले. मोठ्या संस्थेत या कथेला चमत्कारिक कलाटणी मिळते. तेथे नारदाने कोणासही गाठून हा प्रश्न केला, तर प्रत्येक जण आनंदाने सांगेल की, पापाचे वाटेकरी पुष्कळ आहेत, इतके की आमच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. वाल्याजवळ निदान रांजण होते. आपण काय केले याची मोजदाद त्याने ठेविली होती. तो सुधारला याचे अर्धे श्रेय आम्ही त्या खड्यांस देऊ. ज्याच्या खड्यांची नोंद दुसऱ्याच्या रांजणात पडते, त्यास नारद भेटूनही उपयोग होणे कठीण.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला आक्षेप आमच्या देशात विशेष प्रतिष्ठित आहे. तो असा की, माणसाने नेमून दिलेले काम करावे व फळाकडे पाहू नये, हाच तर आपल्या शास्त्राचा उपदेश. मग कारकुनाने पॉलिसीच्या परिणामाचा विचार का करावा? लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाल्यापासून कर्मयोग हा शब्द सुशिक्षित महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला आहे. परंतु त्याच ग्रंथात निष्काम कर्माच्या जोडीस लोकसंग्रहावर केवढा भर दिलेला आहे, याचा विसर सोयीस्करपणे पडतो. जी फलाशा सोडावयाची ती स्वतःच्या लाभाची होय. समोरच्या माणसाचे काय होईल याची फिकीर सोडणे म्हणजे निष्कामता नव्हे. ज्या अधिकाऱ्याने बढतीवर डोळा ठेवून पॉलिसी खपविली व परिणामाकडे मात्र पाठ फिरविली, त्याने तर नेमके उलटे केले. सोडावयाचे ते धरले आणि धरावयाचे ते सोडले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक नोकर आपापल्या सदसद्विवेकबुद्धीने वागू लागला तर बँक चालणार कशी? एकास दया आली म्हणून कर्ज मिळेल, दुसऱ्यास राग आला म्हणून मिळणार नाही. म्हणजे पुन्हा सावकाराची ओटी आलीच. हा आक्षेप आम्ही खरा मानतो, आणि म्हणूनच नोकराने नियम वाकवावा असे आम्ही सुचवीत नाही. आमची मागणी याहून लहान आहे, पण अवघड आहे. खिडकीपलीकडच्या माणसाकडून आपण जे करवून घेत आहो ते, आपणांस ठाऊक आहे तेवढे सर्व त्याच्या तोंडावर सांगून, करवून घेता येईल काय, एवढेच प्रत्येकाने स्वतःस विचारावे. येत असेल तर ते काम कितीही अप्रिय असो, ते खुशाल करावे. येत नसेल तर ते काम नियमात बसत असूनही वाईट आहे.

ही कसोटी किती चालते हे एका उदाहरणाने पाहू. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. चलनातील एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. एक दिवस बँका बंद राहून १० नोव्हेंबरपासून त्या उघडल्या, आणि पुढील कित्येक आठवडे खिडकीवरच्या माणसाने जे सोसले ते विसरण्याजोगे नाही. बदलून देण्याची मर्यादा प्रथम ४,००० रुपये होती. ती थोड्याच दिवसांत दोनदा बदलली. दारापुढे मैलभर रांगा, आत पुरेशा नोटा नाहीत, आणि लोकांचा सारा संताप अशा माणसावर, ज्यास हा निर्णय लोकांबरोबरच कळला होता. मोजणीत चूक झाली तर भरपाई त्याच्याच पदरातून. तो निर्णय बरा की वाईट हा वाद निराळा. कारकुनाचे स्वतःचे मतही प्रतिकूल असू शकेल. तरीही त्याचे काम आमच्या कसोटीस उतरते, कारण तो समोरच्यास जे ठाऊक होते ते सर्व सांगू शकत होता: नियम असा आहे, नोटा इतक्याच आल्या आहेत, उद्या या. त्याने दुसऱ्याच्या निर्णयाचे ओझे उघडपणे वाहिले. बोट ठेवून 'काका, इथे सही करा' म्हणणाऱ्याचे तसे नव्हते. त्याचे काम शांततेत झाले, कोणी त्यास शिवी दिली नाही. मात्र एक वाक्य त्याला गिळावे लागले, आणि सारा व्यवहार त्या गिळलेल्या वाक्यावर उभा होता.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि त्यापुढे पंडिताने जपून बोलावे. घराचे हप्ते असतात, मुलांच्या फिया असतात, आकडा भरला नाही तर दूरच्या गावी बदली होते अथवा बढती अडते. जे त्या जागेवर बसलेले नाहीत त्यांनी तेथील माणसाकडून शौर्याची अपेक्षा करणे सोपे आहे. आम्ही ती करीत नाही. परंतु एक गोष्ट मात्र अत्यंत गरीब माणसासही करता येण्याजोगी आहे, आणि बँकेत काम करणाऱ्याने तर ती आपल्या धंद्यापासूनच शिकावी. ती म्हणजे खरी नोंद. 'मी हे पोटासाठी केले' ही नोंद दुःखाची असेल, पण ती खरी आहे. ती ज्याच्या नावे पडावयास हवी त्याच्याच नावे पडली आहे. 'हे मी केलेच नाही, सिस्टीमने केले' ही नोंद खोटी आहे. एका रुपयाच्या खोट्या नोंदीसाठी ज्या संस्थेत खुलासे मागविले जातात, तेथील माणसाने स्वतःपुरता मात्र असा खोटा जमाखर्च जन्मभर ठेवावा, ही विसंगती आम्हांस फार मोठी वाटते. ज्याची नोंद खरी असते त्यास, पुढे संधी आली तर, ऋण फेडता तरी येते. तो त्या गृहस्थांस घरी जाऊन सांगू शकतो की, हप्ता पुढे भरण्याआधी कागद मला दाखवा. वरिष्ठांपुढे एखादा आकडा अशक्य आहे असे लेखी कळवू शकतो. हाताखालच्या नव्या मुलास निदान ते वाक्य गिळावयास लावीत नाही. उचंत खात्यात टाकलेल्या रकमेची मात्र परतफेड होत नाही, कारण ऋणकोच कोणी नसतो.

येथे वरच्या माणसांविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर सारी नीती खिडकीवरच्याच गळ्यात बांधल्यासारखे होईल. कर्म जसे खाली वाटले जाते तसा दंडही बहुधा खालीच वाटला जातो. वेल्स फार्गोत हजारो नोकर पाच वर्षांत घरी गेले. मुख्याधिकारी जॉन स्टंफ यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये पद सोडले, आणि त्यांच्यावर १ कोटी ७५ लाख डॉलरचा दंड व बँकिंग व्यवसायातून कायमची बंदी ही कारवाई व्हावयास २०२० साल उजाडावे लागले. आकडा ठरविणारा असे समजतो की आपण केवळ आकडा ठरविला, तो कसा भरावयाचा हे खालच्यांनी पाहावे. परंतु प्रामाणिकपणे गाठता येणार नाही असा आकडा जो जाणूनबुजून लादतो, त्याने अप्रामाणिकपणाचाच हुकूम सोडलेला असतो. फक्त तो शब्द त्याने उच्चारलेला नसतो. त्यालाही आमची कसोटी लागू आहे. या शाखेने हा आकडा कसकसा गाठला ते सर्व ऐकून घेण्याची त्याची तयारी आहे काय? नसेल तर त्याचेही एक उचंत खाते आहे, आणि ते खालच्यांच्या खात्यांहून पुष्कळ मोठे आहे.

मग आमच्या पदवीधरांनी बँकेत जावे की जाऊ नये? अवश्य जावे. परक्यांनी परक्यांवर विश्वास ठेवावा, ही सुधारलेल्या समाजाची एक मोठी कमाई आहे, आणि ती सांभाळण्याचे काम हलके नाही. संध्याकाळी जमलेला ताळा पाहून रोखपालास जे समाधान होते ते आम्ही खरे समाधान मानतो. पुष्कळ विद्वानांच्या वाट्यास ते येत नाही. मात्र तेथे जाताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. राष्ट्रीयीकृत बँकांसंबंधीच्या १९७० च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नोकरास काम हाती घेण्यापूर्वी निष्ठेच्या व गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. त्या कागदावर हजारो शाखांच्या बँकेची सही चालत नाही, सिस्टीमची चालत नाही, वरिष्ठाची तर नाहीच. एका माणसाची, त्याच्या हातची, त्याच्या नावाची सही लागते. म्हणजे कर्म शेवटी माणसाचे असते हे बँकेसही मान्य आहे. पहिल्या दिवशी जी सही आपली होती ती पुढेही आपलीच आहे, एवढे त्याने विसरू नये, आणि दिवसाचा ताळा जमवून घरी निघताना आपले स्वतःचे उचंत खाते एकदा उघडून पाहावे. त्यात काही पडून असेल तर ते कोणाच्या नावे मांडावयाचे, हे त्यास पुष्कळदा आधीच ठाऊक असते.